इफ्तारच्या ताटातली इंद्रायणी

आमच्या घरातल्या दखनी उर्दूत शिजवलेल्या भाताला 'खाना' म्हणतात. भाताशिवाय जेवण नाही, हे मावळात वेगळे सांगायला नको. याच खान्याला खडा मसाला, कांदा आणि पुदिन्याची बघार, म्हणजे फोडणी, दिली की झाला 'बगारा खाना'. बिर्याणीचा मान मोठा; पण इफ्तारनंतरच्या जेवणात दालच्याशेजारी बहुतेक वेळा हाच असतो.

आमचे सोलापूर-हैदराबादकडचे नातेवाईक तो लांब दाण्याच्या बासमतीचा करतात. आमच्याकडे इंद्रायणी. लग्नानंतरच्या पहिल्या रमजानमध्ये पाहुण्यांपुढे हा चिकट भात वाढताना मी संकोचले होते. सासूबाई म्हणाल्या, "अपने गाँव का चावल है, शरम काहे की?"

खरेच होते ते. इंद्रायणीचा जन्मच वडगावचा. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या इथल्या कृषी संशोधन केंद्राने आंबेमोहर-१५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून हे वाण तयार केले आणि १९८७ मध्ये ते प्रसारित झाले. सुवास आंबेमोहराचा, उत्पन्न त्याच्याहून जास्त.

बगाऱ्यासाठी तांदूळ जुना हवा. नवा लगेच गिचका होतो. दोन वाट्या तांदूळ धुऊन वीस मिनिटे भिजवा आणि निथळून घ्या. जाड बुडाच्या पातेल्यात तीन चमचे तूप किंवा तेल तापवून शहाजिरे, दालचिनी, चार लवंगा, दोन वेलदोडे, तमालपत्र घाला. एक कांदा उभा चिरून बदामी परता. चमचाभर आले-लसूण, तीन मिरच्या, मूठभर पुदिना-कोथिंबीर, दोन चमचे दही घालून तेल सुटू द्या. साडेतीन वाट्या गरम पाणी, मीठ आणि लिंबाचे चार थेंब घाला. उकळी आली की तांदूळ सोडा. पाणी आटत आले की पातेल्याखाली तवा ठेवून दहा मिनिटे दम द्या. नंतर आणखी दहा मिनिटे झाकण उघडू नका आणि मधे ढवळू तर अजिबात नका. दाणे मऊ होतात, पण मोडत नाहीत. दुधी आणि चिंच घातलेला आंबट दालचा असा भात छान धरून ठेवतो.

राहिले मीठ. रोज्यात चव घेणे मी टाळते. म्हणून तांदूळ सोडण्याआधी शेजारच्या काकूंना हाक मारते. त्या पाण्याचा थेंब जिभेवर ठेवून सांगतात, "अजून चिमूटभर." पाणी किंचित खारट लागले पाहिजे, हा त्यांचाच हिशेब.

आमचा तांदूळही इतकी वर्षे त्यांच्याच खाचरातला. गेल्या वर्षी त्या खाचराचे प्लॉट पडले. सध्या शिजतो तो उरलेला जुना तांदूळ, ईदपर्यंत पुरेल. पुढच्या रमजानला दुकानात जावे लागेल, आणि पोत्यावर इंद्रायणी लिहिले म्हणून आतला दाणा इंद्रायणीचाच असतो असे नाही. ओळखीत कुणाचे खाचर अजून पिकत असेल, तर तांदूळ त्यांच्याकडूनच घ्या.

काल डब्याचा तळ दिसला, तेव्हा काकू काही बोलल्या नाहीत. पातेल्यातला थेंब जिभेवर ठेवला आणि म्हणाल्या, "आज बरोबर आहे."