घटना एक, विचार दोन

पावसाने दडी मारली की आपल्या धाराशिव जिल्ह्यात सोयाबीन करपते. सोसायटीचे कर्ज मात्र तसेच राहते. शेजारी-शेजारी शेत असलेले दोन शेतकरी डोळ्यांसमोर आणा. नुकसान दोघांचे सारखेच. एक म्हणतो, ‘साल वाईट गेलं. रब्बीच्या ज्वारीचं बघू, हप्त्याचं बोलून घेऊ.’ दुसरा म्हणतो, ‘मी संपलो. गावात तोंड कसं दाखवू?’ त्याची झोप उडते, तो घराबाहेर पडत नाही. घटना एकच, मग फरक कशाने पडला? मधल्या विचाराने.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास याच सूत्रावर उपचारपद्धती उभारली. १९६० च्या दशकात डॉ. आरन बेक यांनी नैराश्यावर याच वाटेने उपचार सुरू केले. महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी एलिस यांची पद्धत ‘विवेकनिष्ठ मानसोपचार’ म्हणून रुजवली.

असा शेतकरी समोर बसला, तर मी त्याला ‘काळजी करू नका’ असे सांगत नाही. कर्ज खरे आहे, ते विचार बदलून फिटत नाही. मी विचारतो, ‘पीक गेले, यावरून तुम्ही संपलात हे कसे ठरले? पीक गेलेल्या शेजाऱ्याला तुम्ही नालायक म्हणाल का?’ मग घटना, विचार आणि भावना त्याने वहीत लिहायच्या. दुःख उरते, पण कोंडी फुटते. बँकेकडे पाऊल वळते.

विचाराला कृतीची जोड हवी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने सास्तूर परिसर उद्ध्वस्त केला. त्यानंतर छताखाली झोपण्याची धास्ती अनेकांच्या मनात बसली. भीतीची जागा टाळत राहिले की भीती वाढते. म्हणून घर पक्के असल्याची खात्री करून पायऱ्या आखायच्या. आधी दिवसा थोडा वेळ आत बसायचे, मग दुपारी आडवे व्हायचे, मग घरच्यांसोबत रात्री झोपायचे. छाती धडधडते, पण पळून न जाता थांबले की हळूहळू ओसरते. हा अनुभव उपदेशापेक्षा लवकर पटतो.

आजार तीव्र असेल तर औषधेही लागतात. कुणी जीव नकोसा झाल्याचे बोलले, तर त्याला एकटे सोडू नका. लगेच डॉक्टरांकडे न्या. २०२२ पासून ‘टेलिमानस’ची १४४१६ ही मोफत सेवा सुरू आहे; तिथे मराठीतही बोलता येते. ताप आला तर आपण दवाखाना गाठतो. मन आजारी पडले तरी तेच करावे.