वजनकाटा सांगत नाही ते

आठ महिने, आठवड्यातून तीन दिवस वजनं उचलली आणि शरीराचं वजन सरासरी ०.८३ किलोनं वाढलं! अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठानं वजन जास्त असलेल्या, व्यायामाची सवय नसलेल्या ११९ स्त्री-पुरुषांचा केलेला हा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या नुसतं चालणं-धावणं करणाऱ्या गटाचं वजन १.७६ किलोनं उतरलं होतं.

मग डंबेल्स फुकटच का? नाही. वजनं उचलणाऱ्यांच्या अंगावर चरबी सोडून जो भार असतो, तो १.०९ किलोनं वाढला. चरबी मात्र फक्त ०.२६ किलो घटली, हेही तितकंच खरं. दोन्ही व्यायाम करणाऱ्यांची चरबी सर्वांत जास्त, २.४४ किलो उतरली. त्यासाठी त्यांना जवळपास दुप्पट वेळ द्यावा लागला.

जिममधला नेहमीचा वाद असतो तो जड वजन आणि कमी रेप्स की हलकं वजन आणि जास्त रेप्स, असा. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठानं २०१६ मध्ये आधीपासून व्यायाम करणाऱ्या ४९ पुरुषांवर हे १२ आठवडे तपासलं. एका गटानं ८ ते १२ रेप्स मारले, दुसऱ्यानं २० ते २५. दोघांनीही प्रत्येक सेट हात पुढे उचलेना इथपर्यंत ताणला. स्नायूंची वाढ सारखीच झाली. जड वजनवाल्यांना आघाडी मिळाली ती बेंच प्रेसच्या ताकदीत. त्यामुळे गुडघे किंवा खांदे कुरकुरणाऱ्या जाड तरुणानं हलक्या वजनानं सुरुवात करायला मुळीच लाजू नये.

आपल्याकडे स्नायूंचा प्रश्न जास्तच गंभीर आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन, दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दोघांनी स्वतःचीच ही तुलना २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडली. म्हणून मी काट्याइतकाच कमरेचा टेपही महत्त्वाचा मानतो.

राहिला आहार. मॅकमास्टरच्याच २०१६ मधल्या दुसऱ्या प्रयोगात वजन जास्त असलेल्या ४० तरुणांचा आहार गरजेपेक्षा ४० टक्क्यांनी कमी केला आणि चार आठवडे, आठवड्यातून सहा दिवस त्यांच्याकडून कसून व्यायाम करून घेतला. किलोमागे १.२ ग्रॅम प्रथिनं घेणाऱ्यांची चरबी ३.५ किलो घटली, स्नायू जेमतेम टिकले. २.४ ग्रॅम घेणाऱ्यांची चरबी ४.८ किलो घटली आणि चरबीविरहित भार १.२ किलोनं वाढला. काट्यावर दोन्ही गट जवळपास सारखेच उतरले होते.

८५ किलोच्या तरुणाला १.२ च्या हिशोबानंही रोज १०२ ग्रॅम प्रथिनं लागतात. वाटीभर वरणात कोरडी डाळ साधारण ३० ग्रॅम, म्हणजे प्रथिनं ६-७ ग्रॅम; एका अंड्यातही तितकीच. दोन वेळचा वरणभात आणि चार अंडी धरली तरी बेरीज ४५ च्या आसपास थांबते. उरलेली दही, पनीर, सोयाबीन, मासे किंवा चिकनमधून आणावी लागतात.