वाचणारा एक, ऐकणारे अनेक

३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू केले. पुढच्याच वर्षी झालेल्या जनगणनेत देशातील साक्षरतेचे प्रमाण शेकडा सातच्या आसपास होते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजात तर ते त्याहून कितीतरी कमी होते. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षरओळखच नाकारली गेली, त्यांच्यासाठी वर्तमानपत्र काढण्यात काय हशील, असा प्रश्न त्या काळी कोणालाही पडला असता.

या प्रश्नाचे उत्तर वस्तीवस्तीत मिळत होते. अंक एक येई. पण तो एका घरापुरता राहत नसे. चार इयत्ता शिकलेला कोणी तरुण तो मोठ्याने वाची, भोवती बसलेली माणसे ऐकत, मध्येच थांबवून अर्थ विचारीत आणि वाचन संपल्यावर आपापसात बोलत. पुढे आंबेडकरी जलशांनी हेच काम गाण्यातून आणि संवादातून केले. भीमराव कर्डक यांच्यासारख्या जलसाकारांनी आणि नंतर वामनदादा कर्डकांसारख्या लोकशाहिरांनी चळवळीचा विचार निरक्षर माणसाच्या ओठांवर आणला. वाचणारा एक आणि ऐकणारे अनेक, अशी ती रीत होती. प्रसारमाध्यमे आणि समाज यांच्या संबंधाचा शास्त्रशुद्ध अभ्यास करणारे समाजशास्त्रज्ञ पुढे ज्या निष्कर्षापर्यंत आले, तो या रीतीत आधीपासूनच दडलेला होता. आज प्रत्येकाच्या हाती मोबाईल आलेला असताना तो निष्कर्ष समजून घेणे अगत्याचे आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असा समज रूढ होता की, वृत्तपत्र किंवा रेडिओ जे सांगेल ते ऐकणाऱ्याच्या मनात थेट शिरते. पॉल लाझार्सफेल्ड या समाजशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९४० च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी ओहायो राज्यातील एका परगण्यात मतदारांच्या वारंवार मुलाखती घेतल्या. १९४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासातून वेगळेच चित्र पुढे आले. लोकांचे मत बनविण्यात रेडिओपेक्षा ओळखीच्या, विश्वासातल्या माणसांचा वाटा मोठा होता. माध्यमातील विचार आधी अशा जाणत्या माणसांपर्यंत पोहोचतो आणि त्यांच्याकडून इतरांपर्यंत झिरपतो, असे त्यांनी सुचविले. समाजशास्त्रात या सिद्धांताला ‘द्विस्तरीय प्रवाह’ म्हणतात.

या विचाराची एक महत्त्वाची कसोटी आपल्या महाराष्ट्रातच लागली, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राच्या परिसरातील पाच जिल्ह्यांत, सुमारे दीडशे गावांमध्ये ‘युनेस्को’च्या साहाय्याने एक प्रयोग करण्यात आला. गावातील पंधरा-वीस माणसांचे श्रोतेमंडळ आठवड्यातून दोनदा एकत्र बसे, शेती, आरोग्य, शिक्षण अशा विषयांवरचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐके आणि नंतर त्यावर चर्चा करी. मंडळाच्या शंका व मते आकाशवाणीकडे जात आणि त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमातून मिळत. या प्रयोगाचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केले. त्याचे नेतृत्व पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञाकडे होते. नाझींच्या दाखाऊ आणि बुखेनवाल्ड या छळछावण्यांतून वाचलेला हा माणूस लाझार्सफेल्डचा विद्यार्थी होता.

न्यूराथने तीन प्रकारच्या गावांची तुलना केली: श्रोतेमंडळ असलेली गावे, रेडिओ असूनही मंडळ नसलेली गावे आणि रेडिओच नसलेली गावे. जिथे मंडळ होते तिथे लोकांच्या ज्ञानात ठळक वाढ झाली. जिथे नुसता रेडिओ होता तिथे ती वाढ फारच तोकडी होती. यंत्र दोन्हीकडे सारखेच होते. फरक पडला तो एकत्र बसून ऐकण्याने, विचारण्याने आणि बोलण्याने. पुढे १९५९ पासून अशी श्रोतेमंडळे देशभर सुरू करण्यात आली. ज्या वर्षी हा प्रयोग झाला, त्याच वर्षी ‘जनता’ साप्ताहिकाचे ‘प्रबुद्ध भारत’ झाले आणि त्याच वर्षी नागपूरला धम्मक्रांती घडली, हा योगायोग आपल्या वाचकांना मोलाचा वाटेल.

माध्यमाचा दुसरा प्रश्न आहे तो मालकीचा आणि आवाजाचा. ‘मूकनायक’ला राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य दिले, तरीही तीन-साडेतीन वर्षांतच ते बंद पडले. १९२७ मध्ये सुरू झालेल्या ‘बहिष्कृत भारत’चे रकानेच्या रकाने बाबासाहेबांना एकट्याने लिहून काढावे लागले आणि तेही १९२९ मध्ये थांबले. इतका खटाटोप कशासाठी? कारण दुसऱ्यांच्या पत्रात आपली बाजू आपल्या शब्दांत येणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. स्वातंत्र्यानंतरही परिस्थिती फारशी पालटली नाही. १९९६ मध्ये बी. एन. उनियाल या पत्रकाराने दिल्लीतील अधिस्वीकृत पत्रकारांत दलित पत्रकाराचा शोध घेतला. त्यांना एकही सापडला नाही. २००६ मध्ये अनिल चमडिया, जितेंद्र कुमार आणि योगेंद्र यादव यांनी दिल्लीतील माध्यमसंस्थांत निर्णय घेणाऱ्या ३१५ वरिष्ठ पत्रकारांची पाहणी केली. तीतही दलित वा आदिवासी समाजातील एकही व्यक्ती आढळली नाही.

या पार्श्वभूमीवर डिजिटल तंत्रज्ञानाने आपल्याला काय दिले, ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. आज खेड्यातील विद्यार्थी संपादकाची परवानगी न घेता आपले म्हणणे हजारोंपुढे मांडू शकतो. छापखाना, कागद, टपालखर्च यांची चिंता त्याला नाही. बाबासाहेबांच्या भाषणांचे आणि लेखनाचे खंड, दुर्मीळ छायाचित्रे, भीमगीते आणि देशोदेशीच्या भिक्खूंची प्रवचने एका बोटाच्या अंतरावर आली आहेत.

परंतु हे दान सर्वांच्या पदरात सारखे पडलेले नाही. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार शहरी भागातील ४२ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय होती, तर ग्रामीण भागात ती जेमतेम १५ टक्के कुटुंबांकडे होती. संगणक तर ग्रामीण भागातील शंभरांपैकी चार-पाच घरांतच होता. त्यानंतर स्मार्टफोन झपाट्याने पसरला आणि दरीचे स्वरूप बदलले. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणविषयक पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयोगटातील मुलांपैकी सुमारे ५७ टक्के मुलांनी पाहणीच्या आधीच्या आठवड्यात तो शिक्षणासाठी वापरला होता. समाजमाध्यमांसाठी वापरणारे मात्र सुमारे ७६ टक्के होते. स्वतःचा फोन असण्यातही मुली मुलांच्या बऱ्याच मागे होत्या. म्हणून समाजशास्त्रज्ञ आता डिजिटल दरीचे तीन स्तर सांगतात: साधन हाती असणे, ते वापरण्याचे कौशल्य असणे आणि त्या वापरातून आयुष्यात प्रत्यक्ष लाभ होणे. पहिली पायरी चढली म्हणजे तिसरी आपोआप गाठता येत नाही.

आणखी एक बदल डोळ्यांना चटकन दिसत नाही. वस्तीतील वाचक अंक वाचताना थांबत असे आणि त्याला प्रश्न विचारता येत असे. आज प्रत्येक जण आपापल्या पडद्यात एकटा आहे. त्या पडद्यावर पुढे काय यावे, हे बहुतांशी कंपन्यांची गणिती प्रणाली ठरविते, आणि आपण अधिकाधिक वेळ गुंतून राहावे हा तिचा हेतू असतो. जो मजकूर राग किंवा भीती चाळवतो, तो अधिक पाहिला जातो आणि म्हणून अधिक पसरतो.

याची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा या गावी नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. भिक्षा मागत गावोगाव हिंडणारी ही भटक्या समाजातील माणसे सोलापूर जिल्ह्यातून आलेली होती. मुले पळविणाऱ्या टोळीची अफवा त्या दिवसांत व्हॉट्सॲपवरून फिरत होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल, अशी मर्यादा घातली. यंत्रावर मर्यादा घालता येते. पण ‘हे खरे कशावरून?’ असे विचारणारा माणूस जमावात उभा राहावा लागतो, आणि तो घडवावा लागतो.

तो घडविण्याची सामग्री आपल्याजवळ आहे. केसपुत्ताच्या कालामांना तथागतांनी सांगितले ते हेच, की ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा सांगणारा मोठा आहे, एवढ्यावरून काही स्वीकारू नये. सम्यक वाचेच्या चार कसोट्या तर मोबाईलच्या प्रत्येक संदेशाला लावता येतात. हे असत्य आहे काय? यामुळे माणसामाणसांत फूट पडेल काय? यातील भाषा कोणाला घायाळ करील काय? आणि हे निव्वळ व्यर्थ बडबड आहे काय? चारही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे आले, तरच संदेश पुढे पाठवावा. एवढा नियम पाळला गेला तरी आपल्या गटांत फिरणारा बराचसा मजकूर जागच्या जागी थांबेल.

निवासी शाळेला या कामी विशेष अनुकूलता आहे. येथे मुले एकत्र राहतात, एकत्र जेवतात आणि एकत्र वंदनेला बसतात. वंदनेनंतरची वीस मिनिटे सामुदायिक वाचनाला देता येतील. एका विद्यार्थ्याने त्या आठवड्यातील एखादी बातमी किंवा फिरत असलेला एखादा संदेश मोठ्याने वाचावा. इतरांनी तो कोणी लिहिला, कशाच्या आधारे लिहिला आणि त्यात कोणाची बाजू आलेली नाही, हे शोधावे. माजी विद्यार्थ्यांपैकी जे पत्रकारितेत, बँकेत, रुग्णालयात किंवा संगणक क्षेत्रात आहेत, त्यांनी वर्षातून एक संध्याकाळ या मंडळात येऊन बसावे आणि आपल्या क्षेत्रातील खरे-खोटे कसे ओळखतात ते मुलांना दाखवावे. पालकांनी सुटीत घरी आलेल्या मुलाच्या हातातील फोन हिसकावून घेण्याऐवजी त्याच्या शेजारी बसून विचारावे, ‘काय पाहतोस? मलाही वाचून दाखव.’ मुलींच्या हाती हे साधन मुलांइतकेच यावे, याचीही काळजी घ्यावी.

श्रोतेमंडळांचा प्रयोग झाला तेव्हा गावात रेडिओ एक होता आणि त्याभोवती पंधरा-वीस माणसे होती. आज एका घरात चार फोन असतात. त्यांपैकी तीन रोज अर्धा तास बाजूला ठेवून चौथ्याभोवती घरातील सर्वांनी बसायला खर्च काहीच येत नाही.