घोड्याची खाज आणि विक्रेत्याचे मौन

घोड्याच्या त्वचाविकारांपैकी ऋतुमानानुसार उद्भवणारी खाज हा विकार मोठा फसवा असतो. क्युलिकॉइडिस प्रजातीच्या सूक्ष्म चिलटांच्या लाळेचे वावडे असलेला घोडा त्यांच्या मोसमात आयाळ व शेपटीचे मूळ खांबाला घासघासून रक्तबंबाळ करतो. मोसम सरताच केस पुन्हा उगवतात व जनावर निरोगी भासते. हा विकार संसर्गजन्य नाही, तसाच तो समूळ बरा होणाराही नाही. मात्र पहाटे व सायंकाळी घोडा तबेल्यात बांधला, खिडक्यांना बारीक जाळी लावली आणि अंगावर झूल घातली, तर तो पुष्कळसा आटोक्यात राहतो व घोडा स्वारीस उपयोगी पडतो.

असा घोडा विकताना मालकाने दोष सांगितलाच पाहिजे काय? १८७२ च्या भारतीय करार कायद्यात, कलम १७ खाली, नेमकी घोड्याचीच उदाहरणे दिलेली आहेत. सदोष घोडा लिलावात विकताना मालक गप्प राहिला, तर केवळ तेवढ्याने ते कपट ठरत नाही. परंतु आपण नाकारले नाही तर घोडा निर्दोष समजू, असे ग्राहकाने बजावल्यावरही तो गप्प राहिला, तर ते मौन बोलण्यासमान मानले जाते.

म्हणून ग्राहकाने आयाळीखालची त्वचा जाड झाली आहे काय, हे तर पाहावेच. शिवाय गेल्या मोसमात घोडा अंग घासत होता काय, असे स्पष्ट विचारावे. सत्य सांगणाऱ्या मालकास किंमत कदाचित कमी मिळेल. पण नवा धनी चिलटे येण्यापूर्वीच जाळी व झूल सिद्ध ठेवील आणि मुक्या जनावराचे हाल टळतील.