आधी काजळ फासा, मग वाचा!

एक कोडं घालू का? पान आहे, पण कागद नाही. अक्षरं आहेत, पण शाई नाही. पुस्तक आहे, पण शिवण नाही. सांगा पाहू, काय?

हरलात? उत्तर आहे ताडपत्राची पोथी! आणि अशा हजारो पोथ्या एकाच छताखाली बघायच्या असतील, तर गाडी पकडायची थेट म्हैसूरची.

म्हैसूर म्हटलं की आपल्याला आठवतो राजवाडा, दसऱ्याची हत्तींची मिरवणूक आणि तुपात निथळणारा म्हैसूरपाक. पण त्याच गावात एक जुनी, देखणी इमारत आहे. राणी व्हिक्टोरियाच्या राज्याला 50 वर्षं झाली, म्हणून 1887 साली ती बांधायला घेतली. मग 1891 मध्ये, चामराज वडियार महाराजांच्या काळात, तिथं एक ग्रंथालय सुरू झालं. आज त्याचं नाव ओरिएंटल रिसर्च इन्स्टिट्यूट. नाव जड आहे खरं! आपण त्याला नुसतं ‘पोथ्यांचं घर’ म्हणू.

आता आधी एक पोथी जवळून बघू या.

ताडाचं किंवा श्रीताडाचं पान घ्यायचं. उकळायचं, वाळवायचं, घासून गुळगुळीत करायचं आणि लांबट पट्ट्या कापायच्या. तुमच्या कंपासपेटीतली पट्टी असते ना, तिच्याहून थोडी लांब-रुंद. या श्रीताडाची एक गंमत सांगायलाच हवी. हे झाड साऱ्या आयुष्यात एकदाच फुलतं! तीस-चाळीस, कधी कधी ऐंशी वर्षं नुसतं वाढत राहतं. मग एके वर्षी डोक्यावर भलामोठा तुरा येतो, त्यात लाखो फुलं. फळं धरतात, पिकतात आणि झाड मरतं. खल्लास!

तर पट्टी तयार झाली. लिहिणारा ती डाव्या हातात धरतो. उजव्या हातात लोखंडाची टोकदार लेखणी. तिनं तो पानावर अक्षरं कोरतो. हो, कोरतो! खोडरबर नाही, खाडाखोड नाही. आणि लिहून झाल्यावर पान बघितलं तर काय दिसतं? काही नाही! बारीक बारीक ओरखडे, बस्स.

मग येतं काजळ. दिव्याची काजळी तेलात कालवायची आणि अख्ख्या पानावर फासायची. पान काळंकुट्ट! आता फडक्यानं पुसून घ्यायचं. वरचं काजळ निघून जातं, पण ओरखड्यांत शिरलेलं तिथंच बसतं. आणि बघता बघता ओळीच्या ओळी उमटतात. जादूच की!

कन्नड, तमीळ, मल्याळम अक्षरं अशी गोल गरगरीत का असतात, माहीत आहे? अभ्यासक म्हणतात, त्यातही ताडपत्राचा हात आहे. पानाच्या शिरा आडव्या धावतात. त्यांच्या बाजूनं टोकदार लेखणीनं सरळ रेघ ओढली, की पान टर्रकन चिरलंच. आपल्या देवनागरीची शिरोरेषा तिथं किती महागात पडली असती! उत्तरेकडचे लोक हुशार. ते ताडपत्रावर कोरत बसले नाहीत, बोरू आणि शाईनं लिहीत राहिले.

आता खरी गोष्ट ऐका. जरा पुढे सरका!

चाणक्याचं नाव तुम्ही ऐकलं असेल. त्यालाच कौटिल्य म्हणतात. राज्य कसं चालवावं यावर त्याच्या नावानं एक मोठा ग्रंथ होता, ‘अर्थशास्त्र’. होता म्हणजे, आहे असं सगळे म्हणायचे. जुने लेखक त्याचं नाव घ्यायचे, त्यातल्या गोष्टी सांगायचे. पण पुस्तक कुठाय? शेकडो वर्षं कुणाला पत्ता नाही. वर्गातल्या एखाद्या मुलाचं नाव रोज हजेरीत पुकारलं जावं आणि तो कधी दिसूच नये, तसं!

1905 च्या सुमाराला तंजावर जिल्ह्यातल्या एका पंडितांनी म्हैसूरच्या ग्रंथालयाला पोथ्या दिल्या. तंजावर म्हणजे आपल्या मराठी राजांचं तंजावर बरं का! म्हैसूरला तेव्हा ग्रंथपाल होते आर. शामशास्त्री. आलेल्या पोथ्यांतली एक त्यांनी तशीच कपाटात ठेवून दिली असती, तर आपली गोष्ट इथंच संपली असती. त्यांनी ती उघडली. वाचायला बसले. भाषा संस्कृत, लिपी ग्रंथ. तमीळ मुलखात संस्कृत लिहायला वापरतात ती.

आणि वाचता वाचता लक्षात आलं, अरे, हा तर तोच! हरवलेला कौटिल्य! जुन्या लेखकांनी ज्या ज्या गोष्टी सांगितल्या होत्या, त्या इथं जागच्या जागी.

1909 मध्ये शामशास्त्रींनी ग्रंथ छापला आणि 1915 मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर पुस्तकरूपात आलं. मोठमोठ्या विद्वानांनी तोंडात बोटं घातली! आणि आत काय काय म्हणता? हत्ती पकडायचा तर उन्हाळ्यात, आणि तोही वीस वर्षांचा. हेर कोणकोणते वेष घेतात. घरांना आग लागू नये म्हणून काय करावं. आणि माझा आवडता भाग, सरकारी नोकर खजिन्यातले पैसे कसे लांबवतात त्याचे 40 प्रकार! मोजून चाळीस!

पुढं या ग्रंथाच्या आणखीही पोथ्या ठिकठिकाणी मिळाल्या. त्या एकमेकींशी ताडून मुंबई विद्यापीठाच्या र. पं. कंगले यांनी 1960 पासून त्याची चोख आवृत्ती काढली.

म्हणजे पोथी गोळा करणं हे अर्धंच काम. आत काय आहे ते कुणीतरी वाचून लिहून ठेवलं, तरच ती सापडली म्हणायची. या लिहून ठेवण्याला म्हणतात सूची. वाटते सोपी, नाही? करून बघा!

पहिली अडचण, मुखपृष्ठच नाही. ग्रंथाचं नाव बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी असतं. त्या शेवटच्या मजकुराला पुष्पिका म्हणतात. लिहिणाऱ्याचं नाव, वर्ष, हे सगळं तिथं मिळतं. म्हणजे मिळालं तर! शेवटचं पान वाळवीनं खाल्लं असेल, तर बसा डोकं खाजवत.

दुसरी अडचण तर फारच गमतीची. शब्दांमध्ये जागाच सोडलेली नसते! वाचा बरं हे: आजीलाडूदे. काय वाचलंत? ‘आजी, लाडू दे’? की ‘आजीला डू दे’? आणि हा डू म्हणजे काय असतो बुवा? आता अशाच ओळी शंभर पानं, दोन्ही बाजूंना, आणि मधे कुठं स्वल्पविरामसुद्धा नाही.

तिसरी अडचण दोऱ्याची. पानांना भोक पाडून त्यातून दोरा ओवलेला असतो आणि वर-खाली लाकडी फळ्या. दोरा तुटला की पानं सांडली, आणि कुणी घाईत उलटसुलट लावून ठेवली की झाला घोटाळा. शिवाय एकाच गठ्ठ्यात तीन-चार निरनिराळे ग्रंथ गुण्यागोविंदानं नांदत असतात. म्हणून सूचीत सगळं टिपतात. पानं किती, एका पानावर ओळी किती, लांबी-रुंदी, लिपी, भाषा, पूर्ण की अपूर्ण, आणि सुरुवातीचे व शेवटचे शब्द. त्या शब्दांवरून दुसऱ्या गावातली तीच पोथी ओळखू येते!

मग येतो कॅमेरा. पोथी आधी हलक्या ब्रशनं झाडायची. पान कडक झालं असेल, तर सिट्रोनेलाचं तेल अलगद लावायचं. हे तेल म्हणजे आपल्या गवती चहाच्या भाऊबंदाचं. पान मऊ पडतं आणि किडे त्या वासानं पळतात. अक्षरं पुसट झाली असतील, तर पुन्हा काजळ! मग पानं ओळीनं मांडायची, शेजारी मोजपट्टी ठेवायची, एक फोटो. उलटायची, दुसरा फोटो. घाई केली की पान मोडतं, म्हणून हे काम गोगलगाईच्या चालीनं चालतं. आणि फोटोला नंबर चुकीचा पडला, तर पोथी संगणकात पुन्हा हरवली! अशा जुन्या पोथ्यांसाठी 2003 मध्ये आपल्या देशात राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू झालं.

असला उद्योग फक्त आपणच करतो असं वाटलं का? छे! युरोपात चेक लोकांचा देश आहे. तिथं पूर्वी जत्रेत गाणी विकायला यायची. स्वस्त कागदावर छापलेली छोटीशी चोपडी. गायक चित्रांचा फलक उभा करायचा, छडीनं चित्रं दाखवत खुनाची, पुराची, चमत्काराची गोष्ट गायचा आणि मग चोपडी विकायचा. लोक अशा कितीतरी चोपड्या एकत्र बांधून जाडजूड गठ्ठा करायचे. त्याला ते ‘श्पालीचेक’ म्हणतात, म्हणजे छोटासा ओंडका! आता तिथली ग्रंथालयं या गाण्यांच्या सूच्या करतात, फोटो काढतात. आणि त्यांची अडचण ऐकाल तर हसत सुटाल. कितीतरी चोपड्यांवर छापल्याचं साल म्हणून लिहिलंय, ‘यंदा’! दरवर्षी ताजी वाटावी म्हणून. विकणारा भारी चलाख! पण सूची करणाऱ्यानं बिचाऱ्यानं कुठलं वर्ष लिहायचं?

शिवाय गाण्याचे सूर छापलेले नसतात. नुसतं लिहिलेलं असतं, ‘अमुक गाण्याच्या चालीवर’. आणि ते अमुक गाणं आज कुणाला येत नसेल तर? कॅमेऱ्यानं कागद टिपला, पण चाल निसटली.

आपल्याकडे पोवाड्यांचं असंच आहे. हॅरी ॲकवर्थ नावाचे इंग्रज अधिकारी आणि शंकर तुकाराम शाळिग्राम या दोघांनी ऐतिहासिक पोवाडे जमवून पुस्तक छापलं. साल कोणतं, ओळखा! 1891. म्हैसूरचं पोथ्यांचं घर उघडलं तेच. शब्द हाती लागले आणि टिकले. डफ आणि तुणतुणं मात्र पुस्तकात मावत नाही.

म्हणून पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी जात्यावरच्या ओव्या जमवल्या, तेव्हा पुढं त्यांच्या कामात आवाजही ध्वनिमुद्रित झाले. किती ओव्या जमल्या असतील? एक लाखाहून जास्त! दळता दळता बायकांनी रचलेल्या. त्यातल्या कितीतरी आज इंटरनेटवर ऐकता येतात.

पण इथं सूची करणाऱ्यापुढं नवंच कोडं. तीच ओवी एका गावात एक बाई गाते आणि डोंगरापलीकडच्या गावात दुसरी बाई दोन शब्द बदलून गाते. मग ही ओवी एक धरायची की दोन? तुम्ही काय केलं असतंत? घाबरू नका, राईरकरांच्या यादीनं सोपा मार्ग काढला. प्रत्येक ओवीपुढं गाणारीचं नाव आणि तिचं गाव लिहून टाकलं!