हिटलर जिंकला असता तर? – एका व्हिडिओ गेमचं इतिहासाच्या अंगानं परीक्षण

इतिहासाच्या बैठकीत कुणी ‘जर’ म्हटलं की लगेच दोन तट पडतात. घडलेलं समजून घ्यायलाच आयुष्य पुरत नाही, मग न घडलेल्याच्या मागे कशाला लागायचं, असं एका बाजूचं म्हणणं. दुसरी बाजू चहा संपेपर्यंत विश्वासरावांना पानिपतावर जिवंत ठेवते. मी दोन्हीकडे थोडा थोडा आहे. जर-तरचा खेळ करायला हरकत नाही. पण त्यातून खऱ्या इतिहासाची कारणं अधिक स्पष्ट व्हावीत, एवढी एक अट मी घालतो.

ही अट आपल्या भाषेत आधीच कुणीतरी पाळून दाखवलेली आहे. जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा बऱ्याच जणांनी वाचली असेल. तिचं इंग्रजी रूप एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकातही आलं. त्यात विश्वासरावांची गोळी हुकते आणि इतिहासाचे प्राध्यापक असलेले गंगाधरपंत एका वेगळ्याच मुंबईत जाऊन पोचतात. तिथे ते काय करतात? सरळ ग्रंथालय गाठतात आणि रस्ता नेमका कुठे फुटला ते पुस्तकांत शोधतात. जर-तरच्या कुठल्याही कलाकृतीकडे असंच बघावं, असं मला वाटतं. रस्ता कुठे फुटला, आणि फुटल्यावर जे झालं ते पटतं का?

आज याच कसोटीवर एक व्हिडिओ गेम लावून बघू. नाव ‘वुल्फेन्स्टाइन : द न्यू ऑर्डर’. स्वीडनमधल्या उप्साला शहरातल्या मशिनगेम्स या कंपनीनं तो बनवला आणि मे २०१४ मध्ये तो बाजारात आला. ‘वुल्फेन्स्टाइन’ हे नाव मात्र जुनं आहे. पहिला खेळ १९८१ चा, आणि जगभर गाजला तो १९९२ चा ‘वुल्फेन्स्टाइन थ्री-डी’. हा ‘फर्स्ट-पर्सन शूटर’ प्रकारातला खेळ आहे. म्हणजे पडद्यावर खेळणाऱ्याला नायक दिसत नाही, नायकाचे हात आणि हातातली बंदूक दिसते. जे बघायचं ते त्याच्या डोळ्यांनी.

कथा अशी. १९४६ साल आहे आणि युद्ध अजून संपलेलं नाही. उलट जर्मनांकडे एकाएकी अशी यंत्रं आली आहेत की दोस्त राष्ट्रांची पीछेहाट चालू आहे. अमेरिकन कॅप्टन ब्लाझकोविच एका जर्मन सेनापतीच्या गढीवर शेवटचा हल्ला करतो. तो फसतो, डोक्यात गोळ्याचा तुकडा घुसतो, आणि पुढची चौदा वर्षं हा माणूस पोलंडमधल्या मनोरुग्णालयात खुर्चीत बसून काढतो. भानावर येतो तेव्हा १९६० उजाडलेलं असतं. न्यूयॉर्कवर अणुबॉम्ब पडून अमेरिकेनं १९४८ मध्येच शरणागती पत्करली, हे त्याला तेव्हा कळतं. चौदा वर्षांचा इतिहास त्याला चुकलेला आहे आणि आपल्यालाही. त्यामुळे तो आणि आपण बरोबरीनंच शिकत जातो. मांडणी म्हणून ही युक्ती झकास आहे.

बारीकसारीक गोष्टींत खेळ जिंकतो

बंदूक बाजूला ठेवून नुसतं हिंडावं, एवढी सामग्री या खेळात आहे. वर्तमानपत्रांची कात्रणं, पत्रं, ग्रामोफोनच्या तबकड्या. या तबकड्यांवर १९६० च्या दशकातला पॉप आहे, पण सगळा जर्मनमध्ये. त्यात ‘डी केफर’ नावाचा एक बँड आहे. केफर म्हणजे भुंगे; इशारा कुणाकडे आहे ते सांगायला नको. गंमत म्हणजे खरे बीटल्स ऑगस्ट १९६० मध्ये हॅम्बुर्गच्या क्लबांत वाजवायला गेले होते आणि १९६४ मध्ये त्यांनी आपली दोन गाणी जर्मनमध्ये ध्वनिमुद्रितही केली होती. एका तबकडीत खेळ हे सांगून जातो की सत्ता बदलली की पोरांच्या तोंडातली गाणीसुद्धा बदलतात.

मनोरुग्णालयाचा भाग मात्र गमतीचा नाही. रुग्णांना नेऊन प्रयोगांसाठी मारलं जातं आणि शेवटी दवाखानाच बंद करण्याचा हुकूम येतो. हे कल्पित वाटेल, पण याची मुळं पक्की आहेत. १९३९ पासून नाझी राजवटीनं मनोरुग्ण आणि अपंगांना मारण्याची मोहीम चालवली. तिचं कार्यालय बर्लिनमध्ये टिअरगार्टनस्ट्रासं ४ या पत्त्यावर होतं, म्हणून तिला ‘टी-४’ म्हणतात. ऑगस्ट १९४१ पर्यंत ७० हजारांहून जास्त माणसं विषारी वायूनं मारली गेली. पोलंडमध्ये तर १९३९ च्या शरदापासूनच दवाखाने रिकामे करून रुग्णांना गोळ्या घालणं सुरू झालं होतं. म्हणजे खेळानं १९६० मध्ये दाखवलेली गोष्ट वीस वर्षांपूर्वी खरोखर घडून गेलेली आहे.

प्रतिकार करणाऱ्या गटाचं नावही असंच उचललेलं आहे. खेळातलं ‘क्रायझाऊ मंडळ’ बर्लिनच्या पोटात लपून सशस्त्र लढा देतं. खरं क्रायझाऊ मंडळ हेल्मुथ जेम्स फॉन मोल्टके यांच्या सायलेशियातल्या वडिलोपार्जित वाडीवर जमायचं. ही मंडळी बंदुका चालवत नव्हती. हिटलरनंतरचा जर्मनी कसा असावा, याचे मसुदे लिहीत होती. मोल्टके यांचा तर हिटलरच्या हत्येलाही विरोध होता. तरीसुद्धा २३ जानेवारी १९४५ रोजी त्यांना फाशी दिली गेली. नुसत्या विचारासाठी. खेळानं त्या नावाला बंदूक दिली, याचं मला थोडं वाईट वाटतं.

काँक्रीटची गोष्ट

आपल्यापैकी बरेच जण वास्तू बघत हिंडणारे आहेत, म्हणून हा भाग सविस्तर सांगतो.

खेळातलं १९६० चं बर्लिन राखाडी, अवाढव्य काँक्रीटचं आहे. कल्पना हवेतली नाही. वास्तुरचनाकार आल्बर्ट श्पेअर याला बर्लिन पाडून नवी राजधानी बांधायची होती. त्यात सुमारे ११७ मीटर उंचीची एक विजयकमान होती. पण बर्लिनची जमीन भुसभुशीत. ती एवढा भार पेलेल का, हे बघायला १९४१-४२ मध्ये टेम्पलहोफ भागात १२,६५० टनांचा काँक्रीटचा एक ठोकळा उभा केला. तो सुमारे १९ सेंटिमीटर खचला. कमान झालीच नाही. ठोकळा अजून उभा आहे आणि लोक तो बघायला जातात.

खेळानं यावर तोड काढली आहे ती ‘सुपर-काँक्रीट’ची. ते तयार होतं क्रोएशियातल्या बेलिका नावाच्या श्रमछावणीत, कैद्यांच्या हातून. पुढे त्या काँक्रीटला बुरशी लागते, कारण छावणीतल्याच एका कैद्यानं कृतीत मुद्दाम खोट घातलेली असते.

छावणी कल्पित आहे, पण भव्य इमारती आणि छावण्या यांचा संबंध शंभर टक्के खरा आहे. एसएस संघटनेनं १९३८ मध्ये दगड-विटांची स्वतःची कंपनी काढली. माउटहाउझेन आणि फ्लॉसेनब्युर्ग इथल्या छावण्या ग्रॅनाइटच्या खाणींपाशी वसवल्या. बर्लिनला विटा पुरवायला साक्सेनहाउझेनच्या कैद्यांकडून वीटभट्टी उभारून घेतली. श्पेअरचे नकाशे आणि कैद्यांची हाडं एकाच हिशेबवहीत होती. शाळेच्या पुस्तकात हे दोन विषय वेगवेगळ्या धड्यांत येतात. हा खेळ ते एकत्र आणतो. या एका गोष्टीसाठी मी त्याला भरघोस गुण देईन.

मोठ्या प्रश्नाला मात्र बगल

आता गंगाधरपंतांचा प्रश्न. रस्ता कुठे फुटला? जर्मनी जिंकला तो कशामुळे?

खेळाचं उत्तर असं की ‘दात यिखुद’ नावाच्या एका गुप्त, प्राचीन ज्यू पंथाकडे अद्भुत तंत्रज्ञान होतं, ते नाझींच्या हाती लागलं. झालं. एवढ्यावर चिलखती यंत्रकुत्रे, काँक्रीट, चंद्रावरचा तळ, सगळं भागवलं आहे.

इथे माझी अट मोडते. जर्मनीला अणुबॉम्ब का करता आला नाही, याची कारणं आपल्याला माहीत आहेत, आणि ती जादूची नाहीत. ७ एप्रिल १९३३ च्या कायद्यानं ज्यू प्राध्यापकांना सरकारी विद्यापीठांतून काढलं गेलं. हान्स बेथे यांची ट्युबिंगेनमधली नोकरी गेली. पुढे लॉस अलामोसमध्ये सैद्धांतिक विभाग त्यांनीच सांभाळला. युरेनियमचा बॉम्ब शक्य आहे, हे १९४० मध्ये गणितानं मांडलं ते ओटो फ्रिश आणि रुडॉल्फ पायर्ल्स यांनी, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये. दोघेही नाझी राजवटीमुळे परागंदा झालेले. शिकागोत डिसेंबर १९४२ मध्ये साखळी प्रक्रिया साधली. जर्मन शास्त्रज्ञ मात्र १९४५ मध्ये हायगरलोखच्या तळघरात शेवटचा प्रयोग करत होते, आणि तोही पूर्ण साधला नाही. ज्या द्वेषावर ती राजवट उभी होती, त्याच द्वेषानं तिनं आपलं विज्ञान बाहेर हाकललं.

खेळ या सत्याच्या अगदी जवळ येतो. लुटलेली बुद्धी ज्यूंची होती, हे तो सांगतोच. पण ती प्रयोगशाळेतून उचलून गुप्त पंथाच्या तळघरात ठेवतो. ज्यूंकडे जगाला वाकवणारं काही छुपं सामर्थ्य असतं, ही तर द्वेष पसरवणाऱ्यांचीच जुनी थाप. बनवणाऱ्यांचा हेतू नक्कीच तो नाही. ब्लाझकोविच तर नाझींचा काळ आहे. पण थाप नकळत पुढे सरकते, आणि सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला ती वेगळी काढून दाखवायला शेजारी कुणीतरी असावं लागतं.

युद्ध कुणाचं?

आणखी एक खटकलं. १९४६ च्या त्या हल्ल्यात अमेरिकन आहेत, ब्रिटिश आहेत. बाकी कुणी नाही. मी बेळगावात राहतो. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आमच्या गावात आहे, त्यामुळे ही उणीव मला जरा जास्त टोचली. इटलीत जर्मनांशी लढताना नायक यशवंत घाडगे जुलै १९४४ मध्ये धारातीर्थी पडले. एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधव यांनी जखमी सोबत्यांना ओढून आणलं आणि मग मशिनगनच्या चौक्या मोडल्या. दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. युद्ध संपताना भारतीय सैन्य २५ लाखांवर होतं, आणि त्यातला प्रत्येक जण भरती होऊन आलेला, सक्तीनं आणलेला नव्हे. जगाचं काय झालं असतं असं विचारणाऱ्या खेळात या जगाचा एवढा मोठा भाग मोजलेलाच नाही. पडद्यावर दोन शिपाई जास्त दिसावेत एवढ्यापुरतं हे म्हणणं नाही. हिटलर का हरला, याच्या उत्तरातच ही माणसं येतात. रशियाचे लाखो मृतही येतात. एका अमेरिकन कॅप्टनच्या डोळ्यांतून ते उत्तर दिसत नाही.

हे खेळाला थोडं कळलेलं असावं. सुरुवातीला दोन सोबत्यांपैकी एकालाच वाचवण्याची निवड आपल्याला करावी लागते. एक वाचवला तर पुढे जे नावाचा काळा गिटारवादक भेटतो. नाझी येण्याआधी आपल्या देशात आपल्यासाठी तुम्हीच नाझी होता, असं तो ब्लाझकोविचला सुनावतो. अमेरिकेच्या सैन्यातली वर्णभेदाची फाळणी मोडण्याचा आदेश खऱ्या इतिहासात जुलै १९४८ चा आहे, हे ध्यानात ठेवलं तर त्या वाक्याला वजन येतं. दुसऱ्या सोबत्याला वाचवलं की हा प्रसंगच येत नाही, पण शेवट मात्र तोच राहतो. एका माणसाच्या जगण्या-मरण्यानं इतिहासाची वळणं किती बदलतात? विश्वासरावांबद्दल बोलताना आपणही हे विचारायला हवं. पानिपतानंतर अकराच वर्षांत, १७७२ मध्ये, महादजींनी शाह आलमला दिल्लीच्या तख्तावर आणून बसवलंच होतं.

शेवटी

जर्मनीत हा खेळ विकताना त्यातली स्वस्तिकं काढली गेली आणि ‘नाझी’ऐवजी नुसतं ‘राजवट’ असं म्हटलं गेलं. चित्रपटाला जी सूट होती ती खेळांना नव्हती. २०१८ मध्ये तिथल्या वयोगट ठरवणाऱ्या संस्थेनं प्रत्येक खेळ वेगळा तपासून अशी चिन्हं चालतील की नाही ते ठरवायला सुरुवात केली. खेळ हेही इतिहास सांगण्याचं साधन आहे, हे तेव्हा मान्य झालं.

खेळ म्हणून तो उत्तम आहे. रक्तपात भरपूर आहे, अठराच्या आतल्यांसाठी नाही. आमच्यासारख्यांची बोटं अडखळतील, पण सोपी पातळी निवडता येते. माझी शिफारस अशी की बनावट सनद जशी वाचतो तसा हा खेळ बघावा. सनद खोटी असली तरी कागद, शाई आणि वळण कुठल्या काळातून उचललं ते शोधता येतं, आणि त्यात बरंच खरं सापडतं. घरातल्या नातवाच्या किंवा भाचीच्या संगणकावर हा खेळ असेल तर शेजारी खुर्ची ओढून बसा. काँक्रीटच्या भिंतीपाशी थांबायला सांगा आणि विचारा, ही कुणी बांधली असेल? तिथून पुढच्या गप्पा आपल्या मंडळाच्याच आहेत.