तिकीटबारीच्या बाहेरचे तीन चित्रपट

‘घाशीराम कोतवाल’ (१९७६), ‘अम्मा अरियान’ (१९८६) आणि ‘ओम दर-ब-दर’ (१९८८) या तीन चित्रपटांच्या भाषा वेगळ्या: पहिला मराठी, दुसरा मल्याळम, तिसरा हिंदी. पैसाही तीन वाटांनी आला. एकासाठी बँकेचे कर्ज काढले गेले, दुसऱ्यासाठी गावोगाव वर्गणी जमवली गेली, तिसऱ्यामागे सरकारी महामंडळ होते. तिघांचेही कर्ते मात्र पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले, आणि चित्रपटगृहांच्या नेहमीच्या व्यवहारात या तिघांपैकी एकालाही त्या काळी धड जागा मिळाली नाही. आज ज्यांना ‘कल्ट’ म्हटले जाते, म्हणजे प्रेक्षक थोडे पण पिढ्यान्‌पिढ्या न सोडणारे, अशा भारतीय चित्रपटांत या तिघांची गणना होते. नवा सिनेमा पैशांअभावी अडला, असे सर्रास लिहिले जाते. या तिघांचा इतिहास वेगळेच सांगतो: पैसा कसाबसा उभा राहिला, अडले ते दाखवण्यापाशी.

पुण्यात प्रभात स्टुडिओच्या आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. १९६४ साली त्याच शहरात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आले. पी. के. नायर यांनी ते नेटाने वाढवले आणि त्यामुळे विद्यार्थ्यांना जगभरातले चित्रपट अभ्यासासाठी पाहता येऊ लागले. साठच्या दशकाच्या मध्याला दिग्दर्शक ऋत्विक घटक काही काळ इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. मणी कौल, कुमार शहानी आणि जॉन अब्राहम हे त्यांचे विद्यार्थी. फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या कर्जावर १९६९ च्या सुमारास मृणाल सेन यांचा ‘भुवन शोम’ आणि मणी कौल यांचा ‘उसकी रोटी’ तयार झाले आणि कमी खर्चाचा चित्रपट ही कल्पना कागदावरून पडद्यावर आली. कॉर्पोरेशनने चित्रपट काढायला पैसे दिले. चित्रपटगृहे बांधली नाहीत, वितरणाची साखळीही उभी केली नाही. पुढच्या वीस वर्षांतल्या बहुतेक अडचणींचे मूळ या एका उणिवेत सापडते.

विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ हे नाटक डिसेंबर १९७२ मध्ये पुण्यात रंगमंचावर आले. नाना फडणवीस आणि पेशवाईतील ब्राह्मण समाज यांच्या चित्रणावरून वाद पेटला आणि १९ प्रयोगांनंतर ते सादर करणाऱ्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने ते थांबवले. त्या संस्थेतून बाहेर पडलेल्या कलावंतांनी थिएटर अकादमी स्थापन केली आणि नाटक पुन्हा उभे राहिले. जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन, भास्कर चंदावरकर यांचे संगीत, नानांच्या भूमिकेत मोहन आगाशे आणि ब्राह्मणांच्या रांगेची ती हलती भिंत: हा सगळा भाग मराठी वाचकाला पाठ आहे. त्याच नावाचा एक चित्रपटही आहे, हे मात्र नाटकाच्या अनेक चाहत्यांना ठाऊक नसते.

तो काढला ‘युक्त’ या सहकारी संस्थेने. इन्स्टिट्यूटमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या तरुणांनी ती स्थापन केली होती. दिग्दर्शक म्हणून चौघांची नावे लागली: के. हरिहरन, मणी कौल, सईद मिर्झा आणि कमल स्वरूप. छायाचित्रणातही एकापेक्षा अधिक हात होते. एका चित्रपटाला एकच कर्ता, हा त्या काळच्या कलात्मक सिनेमाचा आवडता सिद्धांत. या मुलांनी तो सरळ बाजूला ठेवला. निर्माता गाठण्याऐवजी बँकेकडून कर्ज घेतले. सहकाराचा साखर कारखाना आणि दूध संघ पाहिलेल्या महाराष्ट्रात सहकारी सिनेमा ही कल्पना फारशी परकी वाटायला नको होती, तरी तिचे अनुकरण झाले नाही.

पटकथा खुद्द तेंडुलकरांची. नानांच्या भूमिकेत मोहन आगाशेच होते, घाशीराम मात्र ओम पुरी यांनी केला. त्यांचा हा पहिला चित्रपट मानला जातो. हे नाटकाचे चित्रीकरण नव्हे. रंगमंचावर लय आणि नाच यांच्या जोरावर जे घडत होते, ते इथे मोकळ्या जागेत, लांबच लांब अखंड शॉटमधून, कॅमेरा आणि माणसांचे घोळके यांच्या हालचालींतून घडवण्याचा प्रयत्न आहे. नाटकाची झिंग त्यात नाही, आणि त्या अपेक्षेने पाहणारा निराश होतो. सत्ता माणसांना कशी हलवते याचा थंड डोक्याने केलेला अभ्यास म्हणून पाहिला, तर तो आजही टोचतो.

त्याच वर्षी श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ आला. गुजरातच्या दूध उत्पादक संघातील पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये घालून तो काढला, आणि त्याच्या पटकथेतही तेंडुलकर होते. ‘मंथन’ चालला, कारण ज्यांनी पैसे घातले होते तेच गाड्या भरभरून तो बघायला गेले. भांडवल आणि प्रेक्षक एकाच यादीतून आले. ‘युक्त’कडे अशी यादी नव्हती. या संस्थेने पुढे सईद मिर्झा यांचा ‘अरविंद देसाई की अजीब दास्तान’ (१९७८) काढला, आणि मग सभासद आपापल्या वाटेने गेले. ‘घाशीराम’ दुर्मीळ होत होत जवळपास गडप झाला. त्याची एक प्रत बर्लिनच्या ‘आर्सेनल’ या चित्रपट संस्थेच्या संग्रहात जपलेली होती. तिच्यावरून अलीकडच्या काळात त्याची डिजिटल आवृत्ती तयार झाली. पुण्याच्या पेशवाईवरचा मराठी चित्रपट वाचला तो जर्मनीतल्या कपाटामुळे.

जॉन अब्राहम या नावाचा हिंदीतला नट पुढे इतका गाजला की मल्याळी दिग्दर्शक जॉन अब्राहम यांची ओळख केरळबाहेर आता मुद्दाम करून द्यावी लागते. त्यांचा जन्म १९३७ चा. आयुर्विमा महामंडळातली नोकरी सोडून ते पुण्याला इन्स्टिट्यूटमध्ये आले. घटकांचा प्रभाव त्यांच्यावर कायमचा राहिला आणि ‘उसकी रोटी’साठी त्यांनी मणी कौल यांच्या हाताखाली काम केले. उभ्या आयुष्यात त्यांच्या नावावर चारच कथापट आहेत. त्यातला ‘अग्रहारत्तिल कळुदै’ (१९७७) तमिळमधला. एक प्राध्यापक गाढवाचे अनाथ पिल्लू पाळतो, आणि त्या मुक्या जनावराभोवती ब्राह्मणवस्तीची भीती, सूड आणि शेवटी भक्तीही गोळा होते. प्राध्यापकाची भूमिका संगीतकार एम. बी. श्रीनिवासन यांनी केली. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट तमिळ चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ज्यांच्यावर तो होता त्यांना तो अर्थातच रुचला नाही.

१९८४ साली जॉन आणि त्यांच्या मित्रांनी कोळिकोडमध्ये ‘ओडेसा’ हा गट सुरू केला. नाव आइझेनस्टाइनच्या ‘बॅटलशिप पोटेमकिन’मधल्या, पायऱ्यांच्या दृश्यासाठी गाजलेल्या शहराचे. गटाची कार्यपद्धती मात्र साधी होती. प्रोजेक्टर घेऊन गावात जायचे, चॅप्लिनच्या ‘द किड’सारखे चित्रपट दाखवायचे, आणि खेळ संपल्यावर लोकांपुढे झोळी फिरवायची. कुणी रुपया टाकी, कुणी पाच. काही ठिकाणी पथनाट्ये आणि गाणीही होत. निर्माता, फायनान्सर, वितरक या तिघांनाही या व्यवहारात जागाच ठेवली नव्हती. वर्गणी देणाऱ्याने आधी एक चांगला चित्रपट पाहिलेला असे, म्हणजे पैसे मागण्याच्या निमित्ताने प्रेक्षकही तयार होत होता. केरळमध्ये फिल्म सोसायट्यांची चळवळ तोवर चांगली रुजली होती. दिग्दर्शक अदूर गोपालकृष्णन यांच्या पुढाकाराने तिरुवनंतपुरममध्ये सुरू झालेली ‘चित्रलेखा’ ही त्यातली आद्य संस्था. ग्रंथालये आणि वाचनालये यांचे जाळे तर त्याआधीपासूनचे. अशा जमिनीवर ‘ओडेसा’ उभी राहू शकली. महाराष्ट्रात १९६८ पासून ‘प्रभात चित्र मंडळा’ने जागतिक सिनेमा मुंबईकरांपर्यंत पोहोचवला, पण इथल्या सोसायट्या पाहण्यापुरत्या थांबल्या, वर्गणीतून चित्रपट काढण्यापर्यंत त्या गेल्या नाहीत.

त्या झोळीतून ‘अम्मा अरियान’ तयार झाला. ‘आईला कळावे म्हणून’ असा नावाचा अर्थ, आणि चित्रपटाची घडणही आईला लिहिलेल्या पत्राची. पुरुषन हा तरुण पुढच्या अभ्यासासाठी दिल्लीला निघतो. वायनाडच्या डोंगराळ भागात त्याला झाडाला लटकलेला एका तरुणाचा मृतदेह दिसतो. चेहरा ओळखीचा वाटतो, पण आठवत नाही. दिल्ली बाजूला राहते आणि तो त्या चेहऱ्याचा शोध घेऊ लागतो. मृत हरी हा तबला वाजवणारा, डाव्या चळवळीत ओढला गेलेला मुलगा होता, असे कळत जाते. त्याच्या आईला ही बातमी सांगायची म्हणून वायनाडहून कोचीपर्यंत प्रवास सुरू होतो. वाटेत मित्र भेटतात, एकेक जण सामील होतो आणि घोळका वाढत जातो. प्रत्येक घरात एक आई आहे, आणि ती मुलाला निरोप देते.

कथा इतकीच. तिच्या आजूबाजूने केरळचा चार दशकांचा राजकीय इतिहास वाहत राहतो: मट्टांचेरीच्या गोदी कामगारांचा लढा, खाणमजुरांचे आंदोलन, वैद्यकीय विद्यार्थ्यांचा संप, पोलीस कोठडीतला छळ. घडलेले प्रसंग आणि रचलेले प्रसंग यांतली सीमा जॉन जाणूनबुजून पुसतात. बहुतेक कलाकार नवखे होते. पुरुषनची भूमिका करणारे जॉय मॅथ्यू नंतर लेखक-दिग्दर्शक म्हणूनही पुढे आले. वेणू यांच्या कृष्णधवल छायाचित्रणाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. संकलन बीना पॉल यांचे. दोघेही पुण्याच्याच इन्स्टिट्यूटचे. चित्रपटात ढिलाई आहे, काही प्रसंग भाषणासारखे लांबतात, हे मान्य करायला हरकत नाही. पण घोळका वाढत जाताना दुःख हळूहळू खासगी उरत नाही, आणि हा परिणाम कुठल्याही संवादातून न येता नुसत्या चालण्यातून येतो. भारतीय राजकीय सिनेमात इतके धाडस क्वचितच दिसते.

तयार झालेला चित्रपटही चित्रपटगृहांच्या वाटेला गेला नाही. पैसे जसे जमवले तसाच तो दाखवला गेला: गावागावांत, शाळांत, मैदानांत, विनातिकीट. या फिरत्या खेळांचे पुढचे वळण जॉनना पाहता आले नाही. ३१ मे १९८७ रोजी कोळिकोडमध्ये एका इमारतीच्या छतावरून पडून त्यांचा मृत्यू झाला. वय ४९. भटकेपणा, दारू आणि विक्षिप्तपणा यांच्या दंतकथा केरळमध्ये त्यांच्या नावाभोवती इतक्या साचल्या की कलावंत जॉन त्यांखाली झाकला गेला. ‘ओडेसा’च्या सत्यन यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी मात्र गट पुढे चालवला, माहितीपट काढले आणि चित्रपट दाखवत राहिले.

‘ओम दर-ब-दर’ची गोष्ट याच्या उलट आहे. त्याला पैसा राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने दिला. कमल स्वरूप यांचे बालपण अजमेरमध्ये गेले. इन्स्टिट्यूटनंतर ‘घाशीराम’च्या चौघांत ते होतेच, आणि रिचर्ड अॅटनबरो यांच्या ‘गांधी’साठीही त्यांनी काम केले. स्वतःच्या पहिल्या कथापटासाठी ते अजमेर आणि पुष्करला परतले. सरकारी नोकरी सोडून ज्योतिष सांगणारे बाबूजी, चित्रपटगृहात पुरुषांच्या बाजूला जाऊन बसणारी मोठी मुलगी गायत्री, तिच्या मागे लागलेला जगदीश, आणि पाण्याखाली बराच वेळ श्वास रोखून धरू शकणारा मुलगा ओम. यापुढे कथानक सांगण्यात अर्थ नाही. हिरे, बेडूक, जाहिराती, पुराणकथा आणि विज्ञानाचे पाठ्यपुस्तक यांची सरमिसळ होत जाते, आणि पुष्करचे तळे तर ब्रह्मदेवाचे. निरर्थक वाटणाऱ्या संवादांना शाळकरी विनोदाची आणि रेडिओच्या निवेदनाची लय आहे. रजत ढोलकिया यांच्या संगीतातले ‘राना टिग्रिना’ हे गाणे तर बेडकाच्या शास्त्रीय नावावर आहे.

१९८८ साली तो बर्लिन महोत्सवात दाखवला गेला, पुढे फिल्मफेअरचा समीक्षक पुरस्कारही मिळाला. भारतात प्रदर्शन झाले नाही. पैसा देणाऱ्या संस्थेला तो विकायचा कसा, हे कळले नसावे. पण व्हिडिओ कॅसेटच्या प्रती निघाल्या, प्रतीच्या प्रती निघाल्या, आणि चित्र इतके धूसर झाले की बेडूक कोणता आणि दगड कोणता हे सांगणे कठीण. इन्स्टिट्यूटच्या वसतिगृहांत आणि मुंबईच्या भाड्याच्या खोल्यांत तो पाहिला गेला. हिंदीतल्या नव्या दिग्दर्शकांवर त्याचा ठसा आहे. अनुराग कश्यप यांनी ‘देव डी’तल्या गाजलेल्या गाण्यामागची प्रेरणा म्हणून त्याचा उल्लेख केला आहे. जो चित्रपट लागलाच नाही, त्याची अशी वंशावळ तयार होणे हे कॅसेट-युगाचे वैशिष्ट्य. महामंडळाने मूळ प्रतीवर पुनरुज्जीवनाचे काम केले आणि १७ जानेवारी २०१४ रोजी, म्हणजे पंचवीसहून अधिक वर्षांनी, पीव्हीआरने तो काही शहरांत लावला. पडद्यावर रंग पहिल्यांदाच स्वच्छ दिसले, आणि जुन्या भक्तांपैकी काहींना ती धूसर कॅसेटच बरी वाटली.

मधल्या वर्षांत स्वरूप यांनी दीर्घ काळ दादासाहेब फाळके यांचा माग काढला. त्र्यंबकेश्वर, मुंबई, बडोदा, वाराणसी अशा फाळके जिथे जिथे राहिले त्या गावांत जाऊन स्थानिक विद्यार्थ्यांबरोबर कार्यशाळा घ्यायच्या, गल्ल्या, जुनी कागदपत्रे आणि चित्रे यांतून त्यांचे आयुष्य पुन्हा रचायचे, असा तो उपक्रम. भागीदारांशी मतभेद झाल्यावर फाळके काही काळ चित्रपट सोडून वाराणसीला गेले आणि तिथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. त्या काळावरच्या ‘रंगभूमी’ या माहितीपटाला २०१३ चा सर्वोत्कृष्ट कथाबाह्य चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे वाराणसीतल्याच २०१४ च्या निवडणुकीवर त्यांनी केलेल्या ‘बॅटल फॉर बनारस’ला सेन्सॉर बोर्डाने प्रमाणपत्र नाकारले.